पोर ऐकत नाही, की त्याला ऐकू येत नाही?

‘ऐकणे’ या साध्या क्रियापदाने आपल्या घराघरांत मोठा घोटाळा करून ठेवला आहे. ‘पोरगं ऐकत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा ते हट्टी आहे, सांगितलेले मानत नाही, असा अर्थ असतो. कन्नडमध्येही तीच तऱ्हा. ‘मात केळंगिल्ल’ म्हणजे सांगितलेले ऐकत नाही आणि ‘किवि केळंगिल्ल’ म्हणजे कानाने ऐकू येत नाही. फरक काय तो एका शब्दाचा; पण पहिल्या वाक्याला धपाटा मिळतो आणि दुसऱ्याला औषधोपचार. बऱ्याच लहान मुलांच्या बाबतीत आपण पहिलेच वाक्य उच्चारून मोकळे होतो. म्हणून आज या सदरात कानाविषयी थोडे बोलू.

माझी एक मामेबहीण निपाणीची. लग्न होऊन सुरतेला गेली. सासर मूळचे हुबळीकडचे, त्यामुळे घरात सासूबाईंची कन्नड आणि हिची मराठी अशा दोन्ही भाषा सुखाने नांदतात. दाराबाहेर पाऊल टाकले की गुजराती आणि हिंदी. सुरत हे गावच तसे आहे. शिवाजी महाराजांच्या 1664 आणि 1670 च्या स्वाऱ्यांमुळे हे नाव आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असते. पण आजच्या सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत फिरलात तर खानदेशी मराठी कानावर पडत राहते. तापी नदी खानदेशातून सुरतेला जाते, तशी माणसेही कामाच्या शोधात मागाच्या कारखान्यांकडे गेली. तिथली महानगरपालिका गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा माध्यमांच्या प्राथमिक शाळा चालवते.

अशा गावात या बहिणीचा मुलगा वाढतो आहे. साडेचार वर्षांचा झाला तरी त्याचे बोलणे अस्पष्ट. शब्दांची शेवटची अक्षरे गळायची. हाक मारली की कधी ओ द्यायचा, कधी नाही. टीव्हीला नाक लावून बसायचा. बालवाडीत बाईंनी गोष्ट सांगायला घेतली की पाच मिनिटांत शेजारच्याला चिमटे काढायला सुरुवात. मग सगळ्यांनी मिळून निदान करून टाकले : घरात दोन भाषा, बाहेर दोन भाषा, पोराचा गोंधळ उडाला आहे. कुणी म्हणाले, कन्नड बंद करा. कुणी म्हणाले, फक्त हिंदी बोला. त्या बिचाऱ्या अज्जीने तर महिनाभर नातवाशी बोलणेच कमी केले. फोनवर बहीण मला म्हणाली, “अक्का, अज्जी गप्प बसून राहतात गं, आणि हा त्यांच्याकडे नुसता बघत बसतो.”

आपल्या बेळगाव, निपाणी, खानापूर, अक्कलकोट भागातल्या वाचकांनी इथे कान टवकारावेत, कारण हा सल्ला आपल्याकडेही सर्रास दिला जातो. दोन भाषा ऐकत वाढणे हे मुलाचे बोलणे लांबण्याचे कारण नाही, असेच वाचा-तज्ज्ञ सांगतात. दोन भाषांचे मूल सुरुवातीला वाक्यात शब्दांची सरमिसळ करते. ते शिकण्याचेच लक्षण आहे. बोलणे खरोखरच मागे पडत असेल तर भाषा बंद करण्याआधी कान तपासायचा असतो. अज्जीचा आवाज काढून घेतल्याने मुलाला काही मिळत नाही, उलट त्याच्या वाट्याची एक भाषा आणि एक माणूस कमी होते.

सुरतेत एका कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीने मुलाचा कान पाहिला, श्रवणचाचणी करवली आणि सांगितले, “बेन, मुलगा हट्टी नाही. त्याच्या दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साठले आहे.”

हे ‘पाणी’ आंघोळीचे नव्हे. कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली छोटी पोकळी असते. तिथून एक नळी नाकामागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. सोळाव्या शतकातल्या युस्टाची या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने तिला युस्टेशियन नळी म्हणतात. विमानात किंवा आंबोलीचा घाट उतरताना आपले कान दडे बसल्यासारखे होतात आणि आवंढा गिळला की ‘टक्’ करून मोकळे होतात, ते या नळीचे काम. लहान मुलांत ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दी झाली, नाकामागची अ‍ॅडिनॉइडची गाठ सुजली, की ती बंद पडते. मग आतली हवा शोषली जाते, पोकळीत द्रव झिरपतो आणि काही दिवसांनी तो डिंकासारखा घट्ट होतो. म्हणून इंग्रजीत याला ‘ग्लू इअर’ असे सोपे नाव आहे. कान ठणकत नाही, ताप नसतो, बाहेरून काही दिसत नाही. मुलाला ऐकू येते ते मात्र कानांत बोटे घालून ऐकल्यासारखे. मोठा आवाज पोहोचतो, हळू बोललेले निसटते. शिवाय सर्दीच्या चढउताराप्रमाणे ऐकणेही कमीजास्त होते. त्यामुळेच ‘हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं याला’ हा आरोप मुलावर होतो.

घाबरून जाण्याचे कारण नाही. शाळेत जाण्यापूर्वी बहुसंख्य मुलांना केव्हा ना केव्हा असे होऊन जाते आणि बहुतेकांचे आपोआप बरे होते. म्हणूनच आजचा वैद्यकीय संकेत असा आहे की, मुलाला इतर काही धोका नसेल तर तीन महिने वाट पाहायची आणि पुन्हा चाचणी करायची. सर्दीची औषधे किंवा प्रतिजैविके देऊन हा चिकट द्रव जात नाही. त्या तीन महिन्यांत घराने करायचे ते असे : मुलाच्या समोर बसून, त्याच्या डोळ्यांकडे बघत बोलायचे, स्वयंपाकघरातून ओरडायचे नाही, टीव्ही बंद करून गोष्ट सांगायची, शाळेत त्याला पहिल्या बाकावर बसवायला सांगायचे. आणि घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती बंद करायची. त्या धुराचा आणि मुलांच्या कानांच्या दुखण्याचा संबंध चांगलाच सिद्ध झालेला आहे.

तीन महिन्यांनंतरही द्रव तसाच असला आणि ऐकण्यात उणीव राहिली, तर डॉक्टर पडद्यात छोटी नळी बसवण्याचा विचार करतात. तिला ‘ग्रोमेट’ म्हणतात. ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान, मधे भोक असलेली चिमुकली फिरकीच म्हणा ना. या उपचाराची कथाही लांबची आहे. लंडनच्या अ‍ॅस्टली कूपर या शल्यविशारदाने बहिरेपणावर पडद्याला छेद देण्याचा प्रयोग मांडला आणि 1801 मध्ये त्याला रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक मिळाले. पण छेद काही दिवसांत भरून यायचा आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पुढे व्हिएन्नाच्या अ‍ॅडम पोलित्झर यांनी कठीण रबराची छोटी नळी बसवून पाहिली, तीही टिकेना. अखेर 1954 मध्ये अमेरिकेतल्या बेव्हरली आर्मस्ट्राँग यांनी प्लास्टिकच्या नळीचा उपाय प्रसिद्ध केला आणि तो रुळला. नळीमुळे पडद्यामागे हवा खेळती राहते, द्रव साठत नाही. साधारण सहा महिने ते दीड वर्षात पडदा स्वतःच ती नळी बाहेर ढकलतो आणि भोक बुजते. क्वचित भोक राहून जाते, काहींना पुन्हा नळी बसवावी लागते. हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे.

शस्त्रक्रिया दहा-पंधरा मिनिटांची. टाके नाहीत, बाहेर कापाकापी नाही, बहुधा त्याच दिवशी घरी. पण मूल लहान म्हणून पूर्ण भूल द्यावी लागते, आणि आईबापाच्या पोटात गोळा येतो तो त्याच शब्दाने. आईबापाची भीती मुलाला शब्दांवाचून कळते. तेव्हा आधी आपले प्रश्न डॉक्टरांपुढे मांडून मोकळे व्हावे आणि मग मुलाशी बोलावे.

मुलाला काय सांगायचे? पहिला नियम : खरे सांगायचे. ‘बागेत जाऊया’ म्हणून रुग्णालयात नेलेले मूल पुढे बागेलाही घाबरते. चार-पाच वर्षांच्या मुलाला दोन-तीन दिवस आधी सांगितलेले पुरते; महिनाभर आधी सांगून त्याच्या जिवाला घोर लावू नये. बहिणीने त्याला असे सांगितले : “तुझ्या कानात आत पाणी अडकलंय. म्हणून अज्जीची गोष्ट तुला नीट ऐकू येत नाही. डॉक्टरकाका तुला झोपवतील आणि कानात एक छोटी खिडकी लावतील. तू उठशील तेव्हा मी तिथंच असेन.” एवढेच. ‘काही होत नाही, रडायचं नाही’ असे म्हणू नये, कारण थोडे काहीतरी होणारच असते, आणि रडू आले तर आपण चुकलो असे मुलाला वाटते. त्याच्याजवळ एक कापडी हत्ती होता. त्या हत्तीची शस्त्रक्रिया घरात तीन वेळा झाली. हत्तीच्या नाकावर वाटी धरून ‘फुगा फुगव’ म्हणायचे, मग हत्ती झोपायचा. भुलेच्या मुखवट्याची ओळख अशी खेळातून झाली.

आपल्याकडे म्हण आहे, कान सोनारानेच टोचावेत. बाळाचे कान टोचताना आई बाजूला होते, मामा किंवा आजी मांडीवर घेते आणि सोनार आपले काम करतो. इथेही तेच तत्त्व. भूल देईपर्यंत कोण जवळ राहणार, हे घरातल्या शांत माणसाकडे बघून ठरवावे. तो मान आईचाच, असे काही नाही. सुरतेच्या त्या घरात हे काम वडिलांनी केले.

दोन भाषांच्या घरांसाठी एक खास सूचना. मूल दुखणे कोणत्या शब्दात सांगते, हे परिचारिकेला आधी सांगून ठेवा. एखादे मूल ‘बाऊ झाला’ म्हणेल, एखादे ‘किवि नोवु’ म्हणेल. तहान लागली, शूला लागली, यांचे घरातले शब्दही सांगा. परमुलखात, भुलेतून अर्धवट जागे झालेले मूल आपल्या सगळ्यात जवळच्या भाषेत बोलते, आणि समोरच्याला ती येत नसते. बहिणीने असे पाच-सहा शब्द हिंदी अर्थांसह कागदावर लिहून दिले होते. परिचारिकांना ते फार आवडले म्हणे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी उपाशी ठेवणे ही खरी कसोटी. जेवण आणि दूध साधारण सहा तास आधी बंद आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत, असा नेहमीचा हिशेब. नेमके भूल देणारे डॉक्टर सांगतील तसे. लहान मुलांना शक्यतो सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी. ‘बिचारं भुकेलं आहे’ म्हणून कुणी मायेने पेढा भरवला तर शस्त्रक्रिया रद्द होते, कारण भुलेत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. भेटायला येणाऱ्या प्रेमळ मंडळींना हे बजावून सांगावे. भुलेतून उठताना काही मुले जोरजोरात रडतात, हातपाय झाडतात, ओळखत नाहीत. अर्ध्या तासात निवळते. त्या वेळी समजावणे व्यर्थ. नुसते जवळ घेऊन बसावे.

नंतरचे काही दिवस गमतीचे असतात. मुलाला जग एकदम मोठ्याने ऐकू येऊ लागते. कुकरच्या शिट्टीला हा मुलगा दचकून कान झाकायचा. पंख्याचा आवाज येतो म्हणून तक्रार करायचा. आणि अज्जी, जिला महिनाभर गप्प केले होते, तिची गोष्ट तो दुसऱ्या खोलीतून ऐकून हसला. बोलणे मात्र एका रात्रीत सुधारत नाही. जे शब्द नीट ऐकूच आले नव्हते, ते आता शिकावे लागतात. गरज पडल्यास वाचा-उपचार घ्यावेत.

आता दोन पाण्यांचा आणि एका तेलाचा प्रश्न.

तेलाचे आधी बोलू, कारण तो घराघरातला आहे. बाळाला न्हाऊ घालताना कानात कोमट तेलाचे थेंब सोडणे, कान दुखला की लसूण घालून तापवलेले तेल घालणे, ही आपल्या दोन्ही भाषांतली समाईक परंपरा. नळी बसवलेल्या कानात तेल कदापि घालू नये. पडद्याला भोक असल्याने ते थेट आत जाते, आणि नळीही बुजते. घरात पडून असलेले जुने कानाचे थेंबही घालू नयेत. काही औषधे आतल्या कानाला इजा करू शकतात. काडी, पिन, रस्त्यावरचा मळ काढणारा, हे सारे वर्ज्य. हे आजीला सांगताना ‘तुम्हाला काही कळत नाही’ असा सूर नको. सुरतेच्या अज्जीला डॉक्टरांनीच चित्र काढून दाखवले. त्या म्हणाल्या, “मग डोक्याला घालते, कानाला नको.” प्रश्न मिटला.

पाणी पहिले, आंघोळीचे. साबणाचे पाणी साध्या पाण्यापेक्षा बारीक भोकातून सहज शिरते, कारण साबणाने पाण्याचा ताण कमी होतो. म्हणून केस धुताना काळजी घ्यावी, डॉक्टरांनी सांगितले असेल तर व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवावा आणि काम झाल्यावर काढून टाकावा.

पाणी दुसरे, पोहण्याचे. सुरतेत उन्हाळा म्हणजे पोहणे. महापालिकेचे जलतरण तलाव गावभर आहेत आणि सुटी लागली की पोरांची तिथे झुंबड उडते. या मुलाची चुलत भावंडे पोहायला जायची आणि हा पायरीवर टॉवेल सांभाळत बसायचा. घरच्यांनी परस्पर ठरवून टाकले होते की नळी आहे तोवर, म्हणजे वर्ष-दीड वर्ष, पाण्याचे नाव नाही. चार दिवस त्याने सहन केले, पाचव्या दिवशी टॉवेल पाण्यात फेकून दिला. ज्या मुलाला ऐकू येत नव्हते म्हणून खेळातून बाहेर राहावे लागले, त्याला आता ऐकू येते तरी बाहेरच ठेवायचे, याला काय म्हणावे?

पूर्वी डॉक्टरही असेच सांगत. पण या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. अमेरिकेत 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नळ्या बसवलेल्या सुमारे 200 मुलांचे दोन गट केले होते. एक पोहताना आणि आंघोळीला कानात बोळे घालणारा, दुसरा न घालणारा. कान वाहण्याच्या प्रमाणात फरक निघाला, पण अगदी थोडा. कान वाहण्याचा एक प्रसंग टाळायला सरासरी 2.8 वर्षे बोळे वापरावे लागतील, असा हिशेब आला. नळीचे भोक इतके बारीक असते की दाब दिल्याशिवाय साधे पाणी आत शिरत नाही. त्यामुळे 2013 पासून अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, नळी आहे म्हणून सरसकट पोहणे बंद करू नये आणि बोळ्यांची सक्तीही करू नये. 2022 च्या सुधारित आवृत्तीतही तेच कायम आहे.

अर्थात याचा अर्थ कुठेही उडी मारा असा नाही. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस थांबावे. बरेच जण दोन-तीन आठवडे सांगतात. नंतर स्वच्छ, क्लोरीन घातलेल्या तलावात पृष्ठभागावर पोहायला सहसा हरकत नसते. सूर मारणे आणि खोल बुडी टाळावी, कारण खोलीबरोबर दाब वाढतो. नदी, विहीर, शेततळे यांचे पाणी वेगळे. सुरतेत तापी आणि आपल्याकडे वेदगंगा, दूधगंगा, मार्कंडेय या नद्या आपल्याला कितीही पूज्य असल्या, तरी नळी असलेल्या कानाला ते पाणी नको. आपल्याकडे पाठीला डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत ढकलून पोहायला शिकवतात, ती पद्धत या मुलांसाठी बाजूला ठेवावी. कान वारंवार वाहणाऱ्या किंवा पाण्यात दुखणाऱ्या मुलाला डॉक्टर बोळे सुचवतील. पोहणे शिकवणाऱ्या सरांना नळीविषयी आधी सांगावे. आणि कानातून पू किंवा पाणी आले तर पोहणे थांबवून लगेच दाखवावे; बहुधा कानात घालायच्या योग्य थेंबांनी ते बरे होते.

त्या मुलाच्या डॉक्टरांनी तिसऱ्या आठवड्यात परवानगी दिली, अटींसह. आता तो उथळ बाजूला, दोरीच्या अलीकडे हातपाय मारतो. सरांची शिट्टी त्याला पहिल्या हाकेत ऐकू येते, हे बहीण मुद्दाम सांगते.

शेवटी आपल्या भागातल्या पालकांसाठी. हा उपचार श्रीमंतांचाच आहे असे समजू नका. सुरतेत नवी सिव्हिल आणि महापालिकेचे स्मीमेर ही सार्वजनिक रुग्णालये आहेत, तशी बेळगावात बीम्सचे जिल्हा रुग्णालय, कोल्हापुरात सीपीआर आणि सोलापुरात सिव्हिल आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी करायची असते, आणि कानाचे दोष त्या यादीत आहेत. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. ‘याचे ऐकणे बघा’ असे स्वतः सांगा. श्रवण आणि वाचेच्या सखोल तपासणीसाठी म्हैसूरला 1965 पासून अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे आणि मुंबईत वांद्र्याला 1983 पासून अली यावर जंग संस्था आहे. एका संस्थेत कन्नड चालते, दुसरीत मराठी. आपल्याला तर दोन्ही येतात. सीमेवर राहण्याचा एवढा तरी फायदा घ्यावा.

घरात करून पाहायची चाचणी सोपी आहे. मूल पाठमोरे खेळत असताना, मागून दोन-तीन हात अंतरावरून, त्याच्या आवडीचा शब्द हळूच उच्चारा. आज नाही वळले तर उद्या पुन्हा बघा. दोन-तीन दिवस असेच झाले, किंवा टीव्हीचा आवाज रोज वाढत असेल, ‘काय?’ ‘आँ?’ वाढले असेल, बोलणे वयाच्या मागे पडले असेल, तर डॉक्टरांना दाखवा. चाचणीत मूल हळू बोललेल्या ‘चॉकलेट’ला गर्रकन वळले, तरी बाकीच्या खुणा दिसत असतील तर दाखवून घ्याच. कान ठीक निघाला, तर मग खुशाल म्हणा की, हे पोर ऐकत नाही.